भार संतुलन, विद्युत् वाहन चार्जिंग केंद्रांतील

एकाच रोहित्रावर, वाहिनीवर किंवा मंजूर वीजभारावर चालणाऱ्या अनेक चार्जिंग केंद्रांमध्ये उपलब्ध विद्युत् शक्ती वाटून देण्याची पद्धती. कोणत्याही क्षणी एकूण मागणी ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ नये, तीनही कलांवरील भार शक्य तितका सारखा राहावा आणि प्रत्येक वाहनास त्याच्या निघण्याच्या वेळेपर्यंत पुरेशी ऊर्जा मिळावी, असे या पद्धतीचे तिहेरी उद्दिष्ट असते. मराठीत ‘विद्युत् भार’ ही संज्ञा दोन अर्थांनी रूढ आहे : पदार्थावरील धन वा ऋण विद्युत् आणि पुरवठ्यावर पडणारी शक्तीची मागणी. प्रस्तुत नोंदीत ‘भार’ हा शब्द केवळ दुसऱ्या अर्थाने वापरला असून, घटमालेत ऊर्जा भरण्याच्या क्रियेस व्यवहारातील ‘चार्जिंग’ हाच शब्द योजला आहे.

विद्युत् वाहनांमुळे वीज अपुरी पडेल, अशी शंका सर्वसाधारणपणे व्यक्त केली जाते. परंतु वितरणाच्या पातळीवर अडचण बहुधा ऊर्जेच्या एकूण परिमाणाची नसते; ती एकाच वेळी होणाऱ्या मागणीची असते. रात्रभर घरी उभ्या राहणाऱ्या मोटारगाडीला दिवसाच्या प्रवासापुरती सहा-सात किलोवॉट-तास (युनिट) ऊर्जा लागत असेल, तर ती दहा तासांत एक किलोवॉटपेक्षाही कमी दराने भरता येते. तीच गाडी महामार्गावर अर्ध्या तासात पुढे जाऊ इच्छित असेल, तर तिला ५०–६० किलोवॉट (किवॉ.) लागतात. पाच अश्वशक्तीचे सोळा पंप एकदम सुरू केल्यास जितकी शक्ती लागेल, तितकी ही मागणी आहे. भार संतुलनाचा सर्व खटाटोप या दोन टोकांमधल्या जागेत चालतो.

नाशिकच्या ईशान्येस सु. २० किमी.वर, मुंबई–आग्रा महामार्गावर आणि बाणगंगा नदीकाठी असलेले ओझर (ता. निफाड) हे गाव या प्रश्नाच्या आकलनास सोयीचे आहे. येथे १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडचा मिग विमानांसाठी उभारलेला कारखाना आहे, जवळच विमानतळ आहे, भोवती द्राक्षबागा व कांद्याची शेती आहे आणि मधून महामार्ग जातो. म्हणजे कारखाना, वसाहत, कृषिपंप व वाटसरू वाहने असे चारही प्रकारचे ग्राहक थोड्या अंतरात एकत्र येतात. शिवाय मर्यादित पुरवठा पाळीपाळीने कसा वाटावा, याचा पाण्याच्या बाबतीतला अनुभव या गावाच्या पदरी आहे. त्याचा उल्लेख पुढे येईल.

पुरवठ्याच्या मर्यादा : ग्रामीण महाराष्ट्रात वीज बहुधा ३३/११ किलोव्होल्ट उपकेंद्रातून ११ किलोव्होल्टच्या वाहिनीने गावापर्यंत येते आणि तेथे वितरण रोहित्र तिचा दाब उतरवून ती ग्राहकांना देते [⟶ रोहित्र]. ही रोहित्रे २५, ६३, १००, २०० किलोव्होल्ट-अँपिअर (केव्हीए) अशा ठराविक क्षमतांची असतात. क्षमता ठरविताना सर्व ग्राहक आपली सर्व उपकरणे एकाच क्षणी चालविणार नाहीत, असे गृहीत धरलेले असते. ग्राहकांच्या वैयक्तिक कमाल मागण्यांची बेरीज आणि प्रत्यक्ष एकत्रित कमाल मागणी यांच्या गुणोत्तरास विविधता गुणक म्हणतात. चार्जिंग केंद्रे हे गृहीतच डळमळीत करतात. संध्याकाळी कामावरून परतलेली वाहने थोड्याच वेळाच्या अंतराने जोडली जातात आणि मग तासन् तास पूर्ण भाराने चालू राहतात. पाणी तापविण्याचे उपकरण किंवा गिरणी यांच्यासारखी मधली विश्रांती त्यांना नसते.

रोहित्राच्या गुंडाळ्यांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. क्षमतेच्या १२० टक्के भार असल्यास ती १·४४ पट होते. साध्या कागदी निरोधकाच्या बाबतीत सर्वांत तप्त जागेचे तापमान दर ६° से.ने वाढले की निरोधकाच्या जीर्ण होण्याचा वेग दुप्पट होतो, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. एप्रिल-मे महिन्यांत हवाच ४०° से.च्या आसपास तापलेली असताना रात्रीचा चार्जिंगचा भार रोहित्राला थंड होण्याची उसंत देत नाही. रोहित्र त्या रात्री जळतेच असे नाही. त्याचे आयुष्य मात्र काही वर्षांनी घटते आणि दोष कोणाचा, हे शोधणे तेव्हा अवघड होऊन बसते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे इष्ट आहे. मर्यादा एकच नसते आणि प्रत्येक मर्यादेचे घड्याळ निराळे असते. तारेला संरक्षण देणारा मंडल खंडक मोठ्या अतिभाराला काही सेकंदांत वा मिनिटांत तोडतो. वीजमापकातील कमाल मागणी ठराविक कालखंडाच्या (उदा., १५ किंवा ३० मिनिटांच्या) सरासरीवर नोंदली जाते आणि ती करारातील मागणीपेक्षा जास्त झाल्यास जादा आकार पडतो. तेलात बुडालेले रोहित्र त्याहून सोशिक असते. त्याचे तेल तापावयास काही तास लागतात. त्यामुळे चांगला नियंत्रक खंडकाची मर्यादा क्षणाक्षणाला पाळतो, मागणीची मर्यादा कालखंडाच्या हिशेबाने सांभाळतो आणि रोहित्राचा विचार संपूर्ण रात्रीचा करतो. या तिन्हींची गल्लत केली की, एक तर पुरवठा वारंवार खंडित होतो किंवा उपलब्ध क्षमता विनाकारण पडून राहते.

कलांमधील असमतोल : पुरवठा त्रिकला असला, तरी लहान मोटारगाड्यांची आणि दुचाकींची घरगुती पद्धतीची चार्जिंग साधने एककला असतात. ती जोडताना तंत्रज्ञाने प्रत्येक ठिकाणी पहिलीच तार निवडली, तर सर्व भार एका कलेवर जातो. समजा, एका कलेवर ६४ अँपिअर, दुसरीवर ३२ अँपिअर आणि तिसरीवर काहीच भार नाही. अशा वेळी तटस्थ तारेतून सु. ५५ अँपिअर प्रवाह वाहतो. हाच ९६ अँपिअरचा भार तिन्ही कलांवर ३२ अँपिअर याप्रमाणे वाटला, तर तटस्थ तारेतील प्रवाह सिद्धांततः शून्य होतो.

याचा दाबावरील परिणाम लक्षणीय असतो. वाहिनीच्या तारेचा रोध दर किमी.स अर्धा ओहम आणि केंद्राचे अंतर २०० मी. धरले, तर जाणारी व परतणारी मिळून ४०० मी. तार होते व तिचा रोध ०·२ ओहम येतो. ३२ अँपिअरच्या एका गाडीमुळे ६·४ व्होल्ट दाब घटतो. एकाच कलेवर अशा चार गाड्या असल्यास घट २५·६ व्होल्ट होते. २३० व्होल्टचा दाब २०४ व्होल्टवर येतो आणि सहा टक्के घटीची नेहमीची मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. याउलट तीन गाड्या तीन कलांवर असतील, तर परतीचा प्रवाह उरत नाही व प्रत्येकीच्या वाट्याला अवघी ३·२ व्होल्ट घट येते. म्हणून एकामागून एक साधने बसविताना त्यांच्या जोडणीचा क्रम फिरवीत न्यावा (पहिल्यास १-२-३, दुसऱ्यास २-३-१, तिसऱ्यास ३-१-२), असा संकेत आहे. तो पाळण्यास काहीही खर्च येत नाही. तरीही तो पुष्कळदा पाळला जात नाही.

तापदीपाचा दाब कमी झाला, तर तो कमी शक्ती घेतो आणि वाहिनीला थोडा आधार मिळतो. जलद चार्जिंगची यंत्रे मात्र ठराविक शक्ती घेत राहतात. दाब घटला की, ती प्रवाह वाढवितात व त्यामुळे दाब आणखी घटतो. वाहिनीच्या शेवटी असलेल्या कृषिपंपाचे चलित्र अशा वेळी तापते आणि प्रसंगी जळते. म्हणजे हॉटेलच्या आवारातील गैरनियोजनाची किंमत एखाद्या अनोळखी शेतकऱ्याला मोजावी लागते.

नियंत्रणाची साधने : वाहन आणि केंद्र यांच्यातील जोडतारेत विजेच्या तारांखेरीज एक संदेशवाहक तार असते. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या साधनांत (आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६१८५१ व भारतीय मानक आयएस १७०१७ या मालिकांनुसार) या तारेवरून केंद्र सेकंदाला १,००० स्पंद पाठविते. प्रत्येक स्पंद किती काळ ‘चालू’ स्थितीत आहे, याच्या शेकडा प्रमाणास ०·६ ने गुणले की, वाहनाने जास्तीत जास्त किती अँपिअर प्रवाह घ्यावा, हे मिळते : १० टक्क्यांस ६ अँपिअर, ५० टक्क्यांस ३० अँपिअर (जास्त प्रवाहांसाठी सूत्र वेगळे आहे). स्पंदाची रुंदी बदलली की, वाहनाने पाच सेकंदांच्या आत आपला प्रवाह त्यानुसार आणावयाचा असतो. एवढ्या साध्या युक्तीवर या क्षेत्रातील बहुतेक भार संतुलन उभे आहे.

या संदेशाबाबत दोन गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत. पहिली, हा आकडा आज्ञा नसून कमाल मर्यादा आहे. ३२ अँपिअरची मुभा मिळालेल्या गाडीतील चार्जर १६ अँपिअरचाच असेल, तर ती १६ अँपिअरच घेणार. नियंत्रकाने प्रत्यक्ष प्रवाह मोजला नाही, तर उरलेले १६ अँपिअर कागदोपत्री वाटले गेलेले पण वस्तुतः पडून राहिलेले असतात. दुसरी गोष्ट, ६ अँपिअरच्या खाली उतरता येत नाही. एका कलेवर ३२ अँपिअर उपलब्ध असतील, तर पाच गाड्यांना प्रत्येकी ६ अँपिअर देता येतात. सहावी आली की, कोणाला तरी थांबविणे भाग पडते. येथून पुढे वाटणी संपून पाळी सुरू होते. काही वाहने एकदा थांबविली की स्वयंनियंत्रणाने निद्रावस्थेत जातात आणि पाळी आली तरी जागी होत नाहीत; मालक सकाळी येतो तो घटमाला रिकामीच. त्याचप्रमाणे अगदी कमी प्रवाहावर वाहनातील चार्जरची कार्यक्षमता घटते. म्हणून सर्वांना थोडे थोडे देत राहण्यापेक्षा थोड्यांना पुरेसे देऊन पाळी बदलणे कित्येकदा श्रेयस्कर ठरते.

जलद केंद्रांत प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर केंद्रातच होते. त्याच्या कपाटात अनेक रूपांतरक घटक बसविलेले असून स्विचांच्या साहाय्याने ते या किंवा त्या जोडतारेकडे वळविता येतात. ६० किवॉ.च्या दोन जोडतारा असलेल्या यंत्रावर एकच गाडी असेल, तर तिला सर्व ६० किवॉ. मिळू शकतात, दुसरी आली की, दोघींना ३०–३० किवॉ. मिळतात. रांगेत दुसऱ्या जोडतारेला गाडी लावणाऱ्या वाटसरूला हे ठाऊक नसते आणि आपल्या गाडीत बिघाड झाला, असा त्याचा समज होतो. वाटणी चालू असल्याचे फलकावर दाखविणे हा संतुलनाचाच भाग मानला पाहिजे.

निरनिराळ्या उत्पादकांची केंद्रे एकाच नियंत्रकाचे ऐकावीत, यासाठी नेदर्लंड्समध्ये २००९ पासून खुली संदेशप्रणाली विकसित होत गेली. ओसीपीपी या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. तिच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १·६ या आवृत्तीपासून केंद्राला वेळेनुसार शक्तीच्या मर्यादांचे कोष्टक पाठविण्याची सोय झाली : संपूर्ण केंद्रासाठी एक, नव्याने जोडल्या जाणाऱ्या वाहनांसाठी एक आणि चालू व्यवहारासाठी एक.

स्थिर व गतिमान संतुलन : स्थिर पद्धतीत चार्जिंगसाठी काही शक्ती कायमची राखून ठेवतात आणि ती चालू वाहनांत वाटतात. गतिमान पद्धतीत मुख्य तारेवर मापक बसवून इतर उपकरणे किती वीज घेत आहेत हे सतत पाहतात व उरलेली शक्ती वाहनांना देतात. महामार्गावरील एका काल्पनिक उपाहारगृहाचे उदाहरण घेता येईल. त्याचे रोहित्र १०० केव्हीए क्षमतेचे असून शक्तिगुणक एक आहे, असे सोयीसाठी मानू. आवारात ६० किवॉ.चे एक जलद यंत्र आणि ७·४ किवॉ.ची सहा साधी साधने आहेत. उपाहारगृहाचा स्वतःचा भार संध्याकाळी ३५ किवॉ. असतो. सर्व आकड्यांची बेरीज १३९ किवॉ.हून जास्त होते. नियोजन नसेल, तर मोठे रोहित्र बसविणे हा एकच मार्ग दिसतो.

आता नियंत्रक ९० किवॉ. ही मर्यादा पाळतो, असे समजू. रात्री ८ वाजता चार्जिंगसाठी ५५ किवॉ. शिल्लक आहेत. जलद यंत्रावरील गाडीला ४० आणि साध्या साधनांवरील तीन गाड्यांना मिळून ११ किवॉ. दिले जातात. ८·२० ला स्वयंपाकघराचा भार दहाने वाढतो. जलद गाडी ३४ किवॉ.वर आणली जाते. ८·४० ला तिची घटमाला ८० टक्क्यांच्या पुढे जाते आणि ती आपण होऊनच २५ किवॉ.वर उतरते, कारण लिथियम-आयन घटमाला भरत आली की, तिचा प्रवाह कमी करावाच लागतो. मोकळी झालेली शक्ती तीन साध्या गाड्यांकडे वळते व प्रत्येकीस सु. २९ अँपिअर प्रवाह मिळू लागतो. तासाभराच्या या देवाणघेवाणीत कोणाचीही फारशी खोटी झाली नाही आणि रोहित्रही तेच राहिले.

मापक व नियंत्रक यांच्यातील संदेशवहन तुटले तर काय, हा प्रश्न मांडणीच्या वेळीच सोडवावा लागतो. प्रत्येक केंद्राने अशा वेळी पूर्वनिश्चित अल्प मर्यादेवर उतरावे आणि त्या सर्व मर्यादांची बेरीज उपलब्ध शक्तीच्या आत असावी, असा नियम आहे. संदेश न आल्यास शेवटचाच आकडा चालू ठेवणारी यंत्रणा धोकादायक होय.

बस आगारे : आगारांतील प्रश्न मोठा, पण त्या मानाने सोपा असतो, कारण बस केव्हा येणार व केव्हा सुटणार हे वेळापत्रकात लिहिलेले असते. पुण्यात २०१९ पासून पुणे महानगर परिवहन महामंडळाच्या, तर १ जून २०२२ पासून पुणे–अहमदनगर (आता अहिल्यानगर) मार्गावर राज्य परिवहन महामंडळाच्या ‘शिवाई’ या विद्युत् बसगाड्या धावू लागल्या. एखाद्या आगारात वीस बसगाड्या असून प्रत्येकीस रात्री २०० युनिट ऊर्जा हवी, असे समजू. १२० किवॉ.च्या वीस यंत्रांवर त्या एकदम लावल्या, तर मागणी २,४०० किवॉ. होते. परंतु रात्री १० ते पहाटे ५ या सात तासांत ४,००० युनिट सारख्या दराने भरावयाचे, तर सु. ५७१ किवॉ. पुरतात, रूपांतरणातील एक-दशांश घट धरली, तरी ६३५ किवॉ. होतात. उपकेंद्राचा खर्च, करारातील मागणी आणि तारांची जाडी ही सर्व या दोन आकड्यांतील फरकावर अवलंबून असतात. पहाटे प्रथम सुटणारी बस प्रथम भरावयाची, एवढे पथ्य पुरेसे असते.

वाटणीचे नियम : महामार्गावर आणि गृहसंकुलांत मात्र कोण केव्हा येणार व जाणार, हे अनिश्चित असते. म्हणून तेथे नियमाची निवड महत्त्वाची ठरते. समान वाटणी दिसावयास न्याय्य असली, तरी घाईत असलेला आणि रात्रभर थांबणारा यांना ती एकाच मापाने मोजते. प्रथम येणाऱ्यास प्रथम, या नियमात उशिरा येणारा नेहमीच मागे राहतो. आणि उशिरा येणारा पुष्कळदा दिवसभर वाहन चालवून उपजीविका करणारा तीनचाकीवाला असतो. तिसरा नियम उसंतीचा होय. निघावयास उरलेल्या वेळातून पूर्ण दराने भरण्यास लागणारा वेळ वजा केला की, वाहनाची उसंत मिळते. तीन तासांनी निघणाऱ्या गाडीला दोन तासांचे चार्जिंग हवे असेल, तर तिची उसंत एक तास. सहा तासांनी निघणाऱ्या गाडीला एक तासाचे हवे असेल, तर तिची पाच तास. उसंत सर्वांत कमी तिला आधी शक्ती द्यावी. अमेरिकेत पॅसाडीना येथील कॅलिफोर्निया तंत्रविद्या संस्थेने २०१६ मध्ये आपल्या वाहनतळावर ५४ साधनांचे असे नियंत्रित जाळे उभारले. वाहनधारकांनी सांगितलेल्या निघण्याच्या वेळा व ऊर्जेची गरज यांवर तेथे वाटणीचे गणित सतत नव्याने मांडले जाते. उसंतीच्या नियमाची दुबळी बाजू उघड आहे : आपण लवकर निघणार, असे खोटे सांगणाऱ्याचा त्यात फायदा होतो. त्यावर लवकर भरून हवे असल्यास अधिक दर, हाच काय तो उपाय आतापर्यंत सापडला आहे.

अशा प्रश्नांशी ओझरचा परिचय जुना आहे. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या उजव्या कालव्याच्या शेवटच्या टप्प्यात हे गाव येते. कालवा असूनही पुच्छ भागातील शेतांना पाणी पोचत नसे, कारण वरच्या भागात ते आधीच उपसले जाई. १९९०–९१ च्या सुमारास बापू उपाध्ये, भरत कावळे व त्यांचे सहकारी यांनी ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या द्वारे शेतकऱ्यांच्या तीन पाणी वापर संस्था स्थापन केल्या. शासनाकडून पाणी घनमापन पद्धतीने मोजून घ्यावयाचे आणि सभासदांना पाळीने द्यावयाचे, ही त्यांची रीत पुढे संपूर्ण प्रकल्पावर पसरली. चार्जिंगशी याचे साम्य केवळ उपमेपुरते नाही. दोन्हींत पुरवठ्याचा मार्ग ठराविक रुंदीचा असतो, वरच्याने जास्त घेतले की खालच्याला कमी पडते आणि मोजणी नसेल, तर तक्रार सिद्ध करता येत नाही. फरक इतकाच की, पाणी साठविता येते. वाहिनीतील वीज त्याच क्षणी वापरावी लागते, म्हणून तिची पाळी आठवड्यांची नसून सेकंदांची व मिनिटांची असते.

विजेच्या क्षेत्रातही पाळीची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. कृषिपंपांच्या वाहिन्यांना कधी दिवसा तर कधी रात्री ठराविक तास त्रिकला पुरवठा देण्याची चक्राकार पद्धत राज्याने दीर्घकाळ अनुसरली. भार संतुलनाचाच हा ओबडधोबड प्रकार होता : संतुलन साधले, पण शेतकऱ्याला अंधारात, विंचू-सापांच्या भीतीत बागेला पाणी द्यावे लागले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ पासून दुसऱ्या टप्प्यात विस्तारलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा रोख हा भार दिवसा, सौर विजेवर आणण्याकडे आहे. परदेशांतही हे तत्त्व जुनेच आहे. न्यूझीलंडमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापासून घरोघरच्या पाणी तापविण्याच्या टाक्या वीज कंपनी दूरसंदेशाने चालू-बंद करीत आली आहे.

दरांद्वारे संतुलन : केंद्र शासनाच्या जून २०२३ च्या नियमांनुसार १० किवॉ.हून अधिक मागणीच्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार वीजदर लागू करावयाचे ठरले. सौर तासांतील दर सर्वसाधारण दरापेक्षा १० ते २० टक्क्यांनी कमी आणि कमाल मागणीच्या तासांतील दर तितकाच जास्त ठेवावा, असे त्यांत म्हटले आहे. दुपारी उभ्या असणाऱ्या वाहनांना याचा लाभ होतो. मात्र दर हे बोथट हत्यार आहे. स्वस्त तास सुरू होताच सर्व यंत्रे एकाच मिनिटाला चालू झाली, तर जुने शिखर मोडून नवे उभे राहते. म्हणून प्रत्येक केंद्राने काही मिनिटांचा यादृच्छिक विलंब ठेवून हळूहळू भार चढवावा लागतो.

अनेक स्थळांतील केंद्रे : ओझर, पिंपळगाव बसवंत, चांदवड अशा महामार्गावरील लागोपाठच्या गावांतील केंद्रे निरनिराळ्या मालकांची असली, तरी त्यांपैकी काहींचा भार अखेर एकाच उपकेंद्रावर येऊ शकतो. अशा वेळी भार काळात पुढे ढकलण्याऐवजी स्थळात हलविता येतो : पुढील गावचे केंद्र मोकळे व स्वस्त असल्याचे वाहनचालकाला आधीच कळविले की, तो तेथे थांबतो. यासाठी मालकांनी एकमेकांना आपली स्थिती कळविणे आवश्यक असते आणि प्रतिस्पर्धी व्यावसायिक ते सहसा आनंदाने करीत नाहीत.

मध्यवर्ती नियंत्रकाशिवाय चालणारी एक पद्धतही सुचविली जाते. प्रत्येक केंद्राने आपल्या जागचा दाब मोजावा. तो पुरेसा असेपर्यंत प्रवाह थोडा थोडा वाढवीत जावे आणि तो घसरताच एकदम निम्म्यावर यावे. संगणकांच्या जाळ्यांत संदेशांची गर्दी याच रीतीने आवरली जाते. या पद्धतीला संदेशवहनाचा खर्च नाही, पण तिच्यात एक अन्याय दडलेला आहे. वाहिनीच्या मुखाशी दाब नेहमीच चांगला असतो व पुच्छाशी तो नेहमीच कमी असतो. त्यामुळे सर्वांना एकच दाबाची खूण दिली, तर कपातीची पाळी दरवेळी शेवटच्या केंद्रावर येते आणि रोहित्राजवळच्या केंद्राला तिची झळही लागत नाही. यावर दोन उपाय आहेत. एकात प्रत्येक केंद्राची दाबाची खूण त्याच्या अंतरानुसार निराळी ठेवतात, जेणेकरून मुखाशी असलेले केंद्रही तितक्याच लवकर कपात करील. दुसऱ्यात झालेल्या कपातीची नोंद ठेवून, आज ज्याची कपात जास्त झाली त्याला उद्या अग्रक्रम देतात. दोहोंसाठीही वितरण रोहित्रावर मापक असणे आणि त्यावरील नोंदी त्या रोहित्रावरच्या सर्व ग्राहकांना पाहावयास मिळणे आवश्यक असते.